अजून आहे का?

फोटो नेल्सनने काढला, म्हणून त्यात त्याचा अंगठाही आहे.
खाली मी लिहिलं:
दुमजली पलंग, पाइनचा, शिडीसकट.
तिसरी पायरी किंचित हलते.
साडेतीन हजार पेसो. पायसांदूत येऊन न्यावा.
पायरीचं कशाला, नेल्सन म्हणाला.
मी म्हटलं, बावीस वर्षं औषधांच्या दुकानात काढलीत मी,
बाटलीवर लिहिलेलं नसतं
नेमकं तेच लोकांना बाधतं.

पहिल्या तासात अकरा जण.
अकरांचा एकच प्रश्न: अजून आहे का?
आहे, असं लिहिलं की माणूस गडप.
जणू कुणी कडी वाजवावी,
आपण ओले हात पुसत धावावं
आणि दारात नुसता जुलैचा गारठा.

एकाला गादी हवी, फुकट.
एकाला फक्त वरचा मजला हवा,
निम्म्याहून कमी किमतीत,
कारण म्हणे शिडी तुमच्याकडेच राहील.
दुरास्नोहून कुणी विचारलं, पाठवाल का?
पाठवणावळ काढली: चार हजार एकशे.
नाकापेक्षा मोती जड.

बाकी सगळ्यांना हवा होता तो दिवा.
फोटोत मागे, कोपऱ्यात,
सोड्याच्या जुन्या सायफनचा, निळ्या काचेचा.
लुसिआनोने शाळेत असताना केलेला.
भोक पाडताना दोन बाटल्या फुटल्या, तिसरी टिकली.
पलंग राहू द्या, दिव्याचं काय घेणार?
एका बाईने तर सहा हजार सांगितले.
दोन दिवस नेल्सन त्या दिव्याकडे
पाहुण्याकडे बघावं तसा बघत होता.
शेवटी यामिलाने दिव्यावर टॉवेल टाकून नवा फोटो काढला.
मग चार दिवस शुकशुकाट.
पाचव्या दिवशी कुणीतरी विचारलं,
टॉवेल केवढ्याला?

घेतानाही आमची तीच तऱ्हा.
पलंगाच्या जागी यामिलाला अभ्यासाचं टेबल यायचं होतं.
चार पाय आले, फळी आली नाही.
तक्रार केली तर व्हॅलेंटिना नावाचं कुणीतरी,
जे बहुधा कुणीच नव्हतं,
रात्री अडीचला म्हणालं,
तुमची अडचण आम्हाला मनापासून समजते.
आणि आणखी चार पाय पाठवले.

शनिवारी क्वेब्राचोची बाई येणार होती,
दिराचा ट्रक घेऊन, दोन वाजता.
आम्ही सकाळीच पलंग खोलून ठेवला,
फळ्या बोळात, स्क्रू मुरंब्याच्या बरणीत.
मातेसाठी पाणी तीनदा तापवलं, तीनदा निवलं.
रस्त्यावर कुठलाही ट्रक वाजला की
तिघांचेही कान खिडकीत.
सहा वाजता तिचा फोटो दिसेनासा झाला,
मग नावही.
रात्री यामिला जमिनीवर गादी टाकून झोपली,
आठ पायांच्या शेजारी.

अकराच्या सुमाराला पुन्हा टिंग.
नाव ओळखीचं नाही, चेहऱ्याच्या जागी कुत्रा.
अजून आहे का?
नेल्सनचा दिवसभराचा राग त्या बिचाऱ्या कुत्र्यावर निघाला.
आहे, त्याने ठोकलं, पैसे आधी, घासाघीस नाही,
आणि यायचं नसेल तर विचारायचंही नाही.

पलीकडे बराच वेळ तीन ठिपके हलत राहिले.
मग आलं:
बाबा, मी आहे.
वरचा माझा होता.
विकताय ते मला सांगितलंसुद्धा नाहीत.
आणि त्याच्यामागून लगेच:
किंचित नाही, ती पायरी चांगलीच हलते.

मार्चमध्ये गेला तो, मोन्तेविदेओला.
तिथल्या खोलीत तिघं जण, पलंग दोन.
हे त्याने कधीतरी हसत सांगितलं होतं,
आम्हीही हसलो होतो.

नेल्सन लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो.
यामिला अंधारातून म्हणते,
आहे म्हणून लिहा ना.
मी बोळात बसून बरणी उपडी करते.
स्क्रू मोजते.
एक कमी भरतो.